ठमीबाई निघाल्या नागपूरला

"अगं, मांजर कधी कोणी प्रवासाला नेतं का?" हा प्रश्न मला आतापर्यंत किमान पंधरा जणांनी विचारलाय. त्यातले अकरा जवळचे नातेवाईक आहेत आणि ते हे वाचणार आहेत हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा मावशी, वहिनी, काका, सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकते. म्हणजे पुढच्या लग्नकार्यात आपल्याला दुसरं काहीतरी बोलता येईल :)

उत्तर असं की, हो, न्यावं. पण सहलीला नाही.

आता सविस्तर. २०२४ च्या फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आई नागपूरला दादाकडे असते. दादाची फिरतीची नोकरी, वहिनीची शाळा, त्यामुळे निदान दीड महिना तरी मी तिथे जाऊन राहणं भागच होतं. ह्यांना घरून काम करायची मुभा होती, म्हणून तेही बरोबर यायला तयार झाले. चिरंजीव पुण्यात शिकायला. थोडक्यात, सिडकोतल्या आमच्या घराला दीड महिना कुलूप. सगळं जमत होतं, फक्त ठमीचं काय करायचं ते जमत नव्हतं.

ठमी म्हणजे आमची मांजर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शेजाऱ्यांच्या महिनाभर न हललेल्या गाडीच्या बॉनेटमधून चिरंजीवांनी बाहेर काढलेलं मुठीएवढं पिल्लू. पांढरी, अंगावर काळे ठिपके, आणि नाकावर शाई सांडल्यासारखा एक डाग. "दोन दिवस ठेवू, मग बघू" या बोलीवर घरात आली आणि तिसऱ्या दिवशी ह्यांच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची ह्यांना अजून परत मिळालेली नाही.

ठमीचं काय करायचं याबद्दल सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. "कामवाल्या मावशींना सांग रोज वाटीभर दूध ठेवायला." (मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, पण हे कोणाला पटत नाही.) "मांजरच ते, चार घरी फिरून पोट भरेल." "नेलंस तर वाटेतच पळून जाईल." आणि सगळ्यात शेवटी फोनवर आई : "मांजर घराचं असतं बाई, माणसांचं नसतं. राहू दे तिला तिच्या घरी."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. पैठणला, १९८४ साली.

अण्णा तेव्हा पाटबंधारे खात्यात होते आणि आम्ही धरणाजवळच्या वसाहतीत राहायचो. नाथसागराचा वारा, क्वार्टरच्या मागे शेवग्याचं झाड आणि त्या झाडाखाली राहणारी आमची गोदी. गोदावरीकाठची म्हणून गोदी. मी दहा वर्षांची होते. अण्णांची बदली औरंगाबादला झाली. (तेव्हाचं औरंगाबाद, हल्लीचं छत्रपती संभाजीनगर.) ट्रक आला, कपाट चढलं, पाट्यावरवंटा चढला, तुळशीची कुंडीसुद्धा चढली. गोदी पायरीवर बसून सगळं बघत होती. मी विचारलं, हिला कुठे ठेवायचं? तेव्हा कोणीतरी ते वाक्य म्हणालं. मांजर घराचं असतं, माणसांचं नाही. माणसं गेली तरी तिला काही वाटत नाही.

मोठी माणसं म्हणतात म्हटल्यावर मला ते पटलं. नवीन क्वार्टरवाले तिला सांभाळतीलच असंही पटलं. दिवाळीनंतर तिथल्या एक काकू बाजाराला आल्या तेव्हा घरी येऊन गेल्या. बोलता बोलता म्हणाल्या की नवीन लोक उशिरा आले, क्वार्टर दोन महिने बंद होतं, आणि तुमची ती मांजर बरेच दिवस कुलपासमोर बसलेली असायची. मग दिसेनाशी झाली.

पैठण इथून पन्नास किलोमीटर आहे. हल्ली आम्ही तेवढं अंतर रविवारी संध्याकाळी पार करून, बाग बघून, रात्रीच्या जेवणाला घरी परत येतो.

तर त्या वाक्याबद्दल माझं म्हणणं असं आहे. ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे. मांजर जागेला धरून असतं यात शंकाच नाही. गालाला, हनुवटीला ज्या ग्रंथी असतात त्यांचा वास ते दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटऱ्यांना घासून ठेवतं. आपल्याला तो वास येत नाही, पण तिच्या दृष्टीने त्या वासाचं कुंपण म्हणजे घर. त्याच्या बाहेर नेलं की ती घाबरते. कुत्रं गाडीचं दार उघडलं की आधी उडी मारून बसतं, खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खातं. मांजराला त्यातलं काहीही नको असतं. त्यामुळे मोबाइलवर ती जी मांजरं दिसतात ना, गळ्यात पट्टा, डोळ्यांवर गॉगल, डॅशबोर्डवर बसून मनालीला निघालेली, ती बघून मला कौतुक वाटत नाही, घाम फुटतो. एक तर गाडीची एअरबॅग फुटते ती नेमकी त्या डॅशबोर्डमधून. आणि दुसरं म्हणजे फोटोत डोळे विस्फारलेलं, अंग चोरून बसलेलं ते मांजर "एन्जॉय" करत नसतं. चार दिवस महाबळेश्वरला जायचं असेल तर मांजराला घरी ठेवा. शेजारच्या विश्वासू माणसाला दिवसातून दोनदा यायला सांगा. यात मी सगळ्या काकामावशींशी शंभर टक्के सहमत आहे.

पण पुढचं अर्धं, "माणसांचं नसतं", हे मात्र आपण आपल्या सोयीने जोडलेलं शेपूट आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. लहान बाळांचं आईशी असलेलं नातं तपासायची एक जुनी पद्धत आहे, तीच त्यांनी मांजरांवर वापरली. अनोळखी खोलीत मांजर आणि त्याचं माणूस, मग माणूस दोन मिनिटं बाहेर, मग परत आत. माणूस परत आल्यावर निर्धास्त होणारी, म्हणजे जरा जवळ येऊन मग खुशाल खोली हुंगत फिरणारी मांजरं जवळजवळ दोन तृतीयांश निघाली. बाळांचं प्रमाणही साधारण तेवढंच येतं. अनोळखी खोलीत, हे महत्त्वाचं. तिथे घर नव्हतंच, नुसतं माणूस होतं.

आणि प्रयोग राहू द्या. आपल्याकडे दुसरी एक म्हण जवळजवळ प्रत्येक आजीच्या तोंडी असते, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. (अण्णांच्या बदल्यांचा विषय निघाला की आई हेच म्हणायची.) आता बघा, मांजर जर इतकं घराचं असतं, तर मांजरी ही सात घरं बदलतेच कशाला? आणि बदलताना एक तरी पिल्लू "हे घराचं आहे, राहू दे इथेच" म्हणून मागे ठेवते का? मानगुटीला धरून एकेक नेते. शेवटचं नेलं की रिकाम्या जागेवर पुन्हा एक फेरी मारून जाते, हे मी आमच्या माळ्यावर स्वतः बघितलंय.

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात. मागे सोडून गेलं तर काय वाहायचं याबद्दल शास्त्र गप्प आहे. कायदा मात्र गप्प नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, ज्या परिस्थितीत जनावराची उपासमार होईल अशा परिस्थितीत त्याला सोडून जाणं हे क्रूरतेतच धरलेलं आहे, आणि १९७८ च्या वाहतूक नियमांत गुराढोरांच्या बरोबरीने कुत्र्यामांजरांसाठीही वेगळं प्रकरण आहे. म्हणजे मांजर प्रवासाला नेणं ही काही माझ्या डोक्यातून निघालेली अजब कल्पना नव्हे, सरकारला ती माझ्या आधी सुचली होती!

असो. तत्त्वज्ञान झालं. पण न्यायचं कसं हे आम्ही आधी एकदा भयंकर चुकून शिकलो होतो, तेही सांगायला हवं. नाहीतर मी फार शहाणी आहे असा गैरसमज व्हायचा.

२०२२ च्या जानेवारीत चिरंजीवांची पुण्यात सोय लावायला आम्ही तीन आठवड्यांसाठी निघालो होतो. ठमीला बरोबर घेतलं. कसं? तर भाजीच्या जुन्या करंडीत, वरून माझी ओढणी बांधून. वर मी प्रेमाने करंडी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेली. निघण्याआधी पोटभर खाऊ घातलेलं, प्रवासात भूक लागू नये म्हणून! वाळूजपर्यंत तिने जो आवाज लावला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. गंगापूर फाट्याच्या अलीकडे उलटी झाली. मला वाईट वाटलं, ओढणी सैल केली, "श्वास घेऊ दे बिचारीला" म्हणून. कायगाव टोक्याचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि समोरून उसाच्या ट्रॅक्टरने कर्कश्श हॉर्न दिला. एक पांढरी रेघ माझ्या हातांमधून गेली आणि दिसेनाशी झाली.

ती ब्रेकच्या पॅडलखाली होती.

पुढे उसाने भरलेली दुसरी ट्रॉली, मागे एसटी. ह्यांना पाय दाबता येईना. दाबला तर ठमी चिरडणार, नाही दाबला तर आपण. ह्यांनी गिअर उतरवत उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेच्या मुरमात घातली. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ असेल. गाडी थांबली आणि सुटकेच्या भरात ह्यांनी दाराला हात घातला. मी ओरडले, "दार नका उघडू!" लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत मी ह्यांच्यावर इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. दार उघडलं असतं तर ठमी त्या उसात गेली असती आणि मग शोधा. पुढचे चार तास ती सीटखाली, पुण्याच्या पार्किंगमध्ये आणखी एक तास ती सीटखाली, आणि माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे. नातेवाइकांना आम्ही हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नागपूरच्या वेळी पंधरा नाही, पन्नास जणांनी तोच प्रश्न विचारला असता. आज सांगतेय.

तेव्हा नागपूरचं ठरल्यावर मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले. (आईच्या ऑपरेशनची तयारी दादाने केली, ठमीची मी.) एक प्लास्टिकची पेटी आणली, पुढे जाळीचं दार, वरूनही उघडणारी. ती आणून सरळ हॉलमध्ये ठेवून दिली, दार काढून. आत तिच्या अंगाखालची मळकी चादर, न धुता. आमची सासूबाईंच्या वेळची पितळी भांडी ज्या कोपऱ्यात असतात तिथे ही निळी पेटी, येणाराजाणारा विचारायचा. ठमीने पहिले तीन दिवस तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी आत खाणं ठेवलं तेव्हा मान आत घालून, मागचे पाय बाहेर ठेवून खाल्लं. आठवड्याने दुपारची झोप तिथेच. मग दार बसवलं. मग एक मिनिट बंद, मग दहा मिनिटं. मग गाडीत नेऊन नुसतं बसायचं, इंजिन बंद. मग इंजिन चालू. मग सिडको बस स्टँडपर्यंत एक चक्कर, मग हर्सूलपर्यंत. ह्यांना एकदा सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, रोज मांजराला कुठं नेता?" ह्यांनी शांतपणे सांगितलं, "क्लासला."

खरी मेख त्या न धुतलेल्या चादरीत आहे. मांजराला घर लागतं ना? मग घर बरोबर न्यायचं. दीड फूट बाय एक फूट का असेना, तिच्या वासाचं, तिच्या ओळखीचं घर. त्यावरून आठवलं, मॅथ्यू फ्लिंडर्स नावाचा दर्यावर्दी होता, त्याचं ट्रिम नावाचं काळं मांजर १७९९ मध्ये भर समुद्रात जहाजावरच जन्मलं आणि पुढे त्याच्याबरोबर अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालून आलं. त्याला प्रवासाचं काहीच वाटत नसणार, कारण त्याचं घरच चालत होतं. आपल्या मांजरांवर अन्याय असा होतो की पेटी माळ्यावरून निघते ती फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी. मग पेटी दिसली की ती पलंगाखाली जाणारच.

डॉक्टरांकडेही आधीच जाऊन आले. रेबीजची लस, वजन, तपासणी. त्यांनी प्रवासाची भीती कमी करायला गॅबापेंटिन दिलं, वजनावरून मोजून, आणि निघण्याच्या आधी एकदा घरीच देऊन बघा म्हणाले, कोणाला किती झेपतं ते कळावं म्हणून. इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. घरातली माणसांची कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आपल्याला ती कितीही साधी वाटली तरी. निघण्याआधी चार-पाच तास खाणं बंद, पाणी चालू. (भाजीच्या करंडीतली उलटी विसरले नव्हते.)

रेल्वेचा विचार केला नव्हता असं नाही. पण तिथे मांजर जवळ ठेवायचं तर पहिल्या वर्गाच्या एसीतली अख्खी कूपे आपल्या नावावर हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या लोखंडी खडखडाटात ठमीला एकटीला ठेवायची कल्पनाच सहन होईना.

आणि समृद्धी महामार्ग झाला होता. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, म्हणजे आमच्या बाजूचा रस्ता पूर्ण होता. पूर्वी जालना, सिंदखेडराजा, मेहकर करत नागपूरला जायचं म्हणजे पहाटे निघून रात्र व्हायची, आणि कंबरेचा भुगा. त्या रस्त्याने मी ठमीला नेलंच नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. पहाटे पाचला सावंगीहून वर चढलो. पेटी मागे, माझ्या पुढच्या सीटच्या पाठीमागे खाली पायांच्या जागेत, हलणार नाही अशी चेपून बसवलेली. वरून पातळ सुती कापड, पुढची जाळी उघडी. मी तिच्या शेजारी मागच्या सीटवर. गाण्यांना बंदी.

पहिली वीस मिनिटं ओरडली. मग थांबली. मी दर पाच मिनिटांनी वाकून श्वास बघत होते. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर थेट डॉक्टर गाठायचा, असं सांगून ठेवलेलं होतं, कुत्र्यासारखं धापा टाकणं मांजराच्या बाबतीत साधं नसतं. पण ठमी पुढचे पाय पोटाखाली घेऊन, लोफच्या आकारात, डोळे अर्धे मिटून बसली होती. मर्यादा एकशेवीसची असली तरी ह्यांनी शंभरच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून येणारे आमच्याकडे दयेने बघत पुढे जात होते.

त्या रस्त्यावर मला एक गोष्ट फार आवडली. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या भागातून तो जातो, आणि या महामार्गावर जंगली जनावरांना इकडून तिकडे जाता यावं म्हणून मुद्दाम पूल आणि खालून रस्ते बांधलेले आहेत. म्हणजे कोणीतरी कागदावर रस्ता आखताना हरणांचा विचार केला. आणि इथे आडवं जायला मांजराला वावच नाही, हे ह्यांचं निरीक्षण. "आपलं तर गाडीतच आहे," म्हणाले, "अपशकुन धरायचा तर कुठल्या बाजूने धरायचा?"

दोनदा थांबलो, पेट्रोल पंपाशी. तेव्हा सोयी तुरळकच होत्या. एकाने उतरायचं, एकाने गाडीत बसायचं, पेटी उघडायची नाही. सकाळचे आठ वाजलेले, हवा गार, तरीसुद्धा तिला बंद गाडीत एकटी ठेवली नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापमान चढतं. मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या उन्हात याचा अर्थ काय होतो तो तुम्हीच लावा. परत येताना एप्रिल होता, म्हणून नागपूरहून पहाटे साडेतीनला निघालो आणि ऊन तापायच्या आत घरी. आईने दारात उभं राहून "मांजरासाठी एवढ्या पहाटे!" म्हटलं ते म्हटलंच.

अकराला नागपुरात दादाच्या घरी. एकच खोली तिला दिली, दार बंद, कोपऱ्यात घरचीच वाळू भरलेला ट्रे, पेटी उघडून ठेवलेली. दोन दिवस ती पेटीतून पलंगाखाली आणि पलंगाखालून पेटीत. खाल्लं नाही. वहिनी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलत होता. मलाही वाटायला लागलं की चुकलंच आपलं, दोन तिकडचे दोन इकडचे हाल. दुसऱ्या रात्री दीड वाजता काहीतरी कुरकुर वाजलं. ठमी खात होती. खाऊन झाल्यावर तिने पलंगाच्या पायाला गाल घासला, मग कपाटाच्या कडेला, मग माझ्या पायाला.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने आई घरी आली, आणि दोनेक दिवसांत, मी चहा घेऊन गेले तर ठमी आईच्या पायथ्याशी. आई तिच्याकडे संशयाने बघत होती. मला ते बघून गोदी आठवली आणि मी पहिल्यांदाच, चाळीस वर्षांनी, आईला विचारलं. म्हटलं, आई, गोदीला आपण का नाही आणलं गं पैठणहून?

आई म्हणाली, "कोण गोदी?"

मी सांगितलं. शेवगा, पायरी, ट्रक, काकूंनी आणलेला निरोप. आईने विचार केला. खरंच विचार केला, टाळत नव्हती. "आपल्याकडे मांजर होतं?" मग दादाला हाक मारली. दादा म्हणाला, होतं ना, पण गोदी नव्हे, गोद्या. बोका होता. आणि पैठणला नव्हे, त्याच्या आधी होतो तिथे.

मी गप्प बसले. चाळीस वर्षं जिच्यामुळे माझ्या मनात खुपत होतं, ती आई-दादाच्या हिशेबात जमेलाच नव्हती. भांडायला तरी कोणाशी भांडायचं? तो ट्रक भरताना आईच्या डोक्यात दोन मुलं, सासूबाई, डबे, कंदील आणि नव्या गावातलं पाणी होतं. त्यात पायरीवरची एक मांजर. मीसुद्धा तेव्हा रडून गोंधळ घातला नाही, हे मला नीट आठवतंय. दादाचा बोका मात्र मी साफ नाकारला, कारण गोदीने दोनदा पिल्लं दिली होती आणि ती माझ्या फ्रॉकच्या घोळात होती. त्यावर दादा म्हणाला, मग दोन मांजरं असतील. असतीलही.

पुढचे दीड महिने ठमी आईच्या पायथ्याशीच झोपली. आईने तिला एकदाही नावाने हाक मारली नाही. "ती तुमची" असं म्हणायची. "ती तुमची आली नाही आज सकाळपासून, बघ जरा."

पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे, नागपूरलाच. चार दिवसांचा मुक्काम, पाहुण्यांनी भरलेलं घर, बँडबाजा. ठमी येणार नाही. समोरच्या काकू किल्ली घेऊन दोन वेळा येऊन जातील, त्यांचं आणि ठमीचं जमतं. आईला फोनवर तसं सांगितलं तर म्हणाली, "बरंच झालं, एवढ्या गर्दीत कुठे आणता." आणि थोड्या वेळाने, "एकटी राहील का पण ती?"

परवा मी माळ्यावरून मोठी बॅग काढून हॉलमध्ये ठेवली. स्वयंपाकघरातून परत आले तर ठमी पेटीत जाऊन बसलेली होती.